जहाजावर आल्बर्ट नव्हता

मॅग्डलीनचं वय सदुसष्ट आणि तिच्या रागाचं त्रेपन्न. दोघांचीही तब्येत अजून ठणठणीत आहे. पाचूबंदरात शिडं गेली, इंजिनं आली, कौलं उतरून स्लॅब पडले, काल चड्डीत फिरणारी पोरं आजोबा झाली. पण समोरच्या घरातून रॉबर्ट बाहेर पडला, की मॅग्डलीन आजही हातातलं काम थांबवून थुंकते. दाखवायला नाही, मनापासून थुंकते. मग पुन्हा बोंबील लावायला बसते.

तेवढं सोडलं तर बाई कष्टाळू आणि हिशेबात सरळ. सकाळी ओले बोंबील आले, की दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या त्या उंच मांडणीवर, वाळत टाकायचे, आणि वाळलेला माल टोपलीत भरून वसईच्या बाजारात बसायचं. घरजावई म्हणून आलेला नवरा लवकर गेला. मुलगा नेल्सन चंदनसारला फ्लॅट घेऊन राहिला आणि दर रविवारी विनवण्या करू लागला, "आय, तिकडं लिफ्ट हाय, ये ना राहायला." त्यावर हिचं उत्तर ठरलेलं. "लिफ्ट हाय, पन समोर रॉबट नाय. मी काय करू तिथं?"

ही डूख कशी धरली गेली ते सांगायला हवं. मॅग्डलीनचे वडील आल्बर्ट आणि रॉबर्टचे वडील पीटर हे समोरासमोरचे शेजारी. त्रेचाळीस साली दोघं एकदम आरमारात गेले, एकाच जहाजाच्या इंजिनखान्यात लागले. शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात खलाशांनी बंड केलं. डाळीत खडे, तोंडात शिव्या आणि वर गोऱ्या साहेबाचा रुबाब, पोरांनी किती सोसायचं? त्यांनी जेवण नाकारलं, साहेबाचा झेंडा उतरवला. आल्बर्ट त्यात होता, पीटरही होता. अटक झाली, छावणीत डांबलं गेलं, शेवटी अंगावरच्या कपड्यांनिशी हाकललं, आणि दोघं मित्र वसई स्टेशनवरून चालत घरी आले. ही हकिकत आल्बर्ट पोरीला इतक्यांदा सांगायचा, की मॅग्डलीनला ती रोजच्या प्रार्थनेसारखी पाठ झाली होती.

मग बहात्तर साल उजाडलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकार जुन्या लढवय्यांना मानपत्र आणि मानधन द्यायला निघालं. बंडातल्या खलाशांनाही अर्ज करायला सांगितलं. अर्जावर बरोबर तुरुंगात असलेल्या सोबत्याची सही लागायची. आल्बर्टला त्यात काय अवघड वाटणार? सोबती समोरच्या ओट्यावर बसलेला होता.

गल्लीच्या तोंडाशी दगडी खुरीस आहे. मे महिन्यात त्याचा सण होतो, सारी गल्ली त्या क्रूसासमोर जमून प्रार्थना म्हणते, आणि गल्लीतले निवाडेही पूर्वापार तिथंच होतात. तिथं एका रविवारी चार माणसांसमोर आल्बर्टनं अर्ज पुढं केला. चौदा वर्षांची मॅग्डलीन बापाच्या मागं उभी होती. पीटरनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"आमच्या जहाजावर आल्बर्ट नावाचा कोनी नव्हता," पीटर म्हणाला.

आल्बर्टनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ओरडला असता, पीटरच्या नरड्याला हात घातला असता, तर कदाचित गल्लीनं त्याचं ऐकलं असतं. तो मुकाट अर्जाची घडी करत घरी आला. मॅग्डलीननं दारातच विचारलं, "बाबा, तू व्हता ना रे तिथं?"

"व्हतो गो बाय. पन कागदावर नव्हतो."

याचा अर्थ तिला कळला नाही, आणि बापानं पुढं कधी सांगितला नाही. यादी आली तेव्हा तीत पीटरचं नाव होतं, आल्बर्टचं नव्हतं. मग गल्लीनं आपलं डोकं चालवलं. जहाजावर नव्हता, तर तीन वर्षं होता कुठं? छावणीत नव्हता, तर सुटून आला कुठून? नक्कीच साहेबाच्या पंखाखाली बसून नावं पुरवली असणार. दोन महिन्यांत आल्बर्टचा फितूर झाला. त्याच्याबरोबर कोणी होडीवर जाईना. मॅग्डलीनची जमत आलेली दोन स्थळं मोडली. खुरसाच्या सणात प्रार्थना म्हणायची पाळी घरोघरी फिरते, ती त्यांच्या घरावरून उडी मारून पुढं जाऊ लागली.

एकोणऐंशी साली आल्बर्ट वारला. पाचूबंदरात मयत झाली, की गल्लीतले पुरुष न बोलावता येतात आणि शवपेटीला खांदा देतात, मग भांडण असो नाहीतर कोर्टकचेरी. त्या दिवशी ते आले, दारासमोर उभेही राहिले, आणि उचलायची वेळ झाली तेव्हा एकेक करून मागं सरले. चोवीस वर्षांचा रॉबर्ट आपल्या ओट्यावर हाताची घडी घालून उभा होता. "फितुराला कोन खांदा देतो, बघू या," तो म्हणाला. अर्नाळ्याहून आलेले तीन पाहुणे होते, चौथा खांदा कमी पडत होता. एकवीस वर्षांच्या मॅग्डलीननं पदर खोचला आणि बापाची पेटी स्वतः उचलली. बायका खांदा देत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. चर्चपर्यंत ती एकच शपथ घोकत गेली. या रॉबर्टच्या घरातली पेटी एक दिवस अशीच दारात अडली पाहिजे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

शपथ घ्यायला एक क्षण पुरला, पाळायला सारा जन्म. पीटर एक्याण्णवमध्ये गेला तेव्हा त्याच्या पेटीला इतके खांदे आले, की पोरांना पाळी मिळेना. मॅग्डलीन दार लावून घरात बसली. पुढं रॉबर्टनं खुरसाशेजारी बापाच्या नावाचा काळा ग्रॅनाइट उभा केला. त्यावर दर सव्वीस जानेवारीला हार चढायचा. इकडं हिच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरायचा नाही.

नवरा गेल्यावर, पोरं मार्गी लागल्यावर, मॅग्डलीननं कंबर कसली. वसईच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा जितेश नावाचा एक माणूस आहे, आता त्याच्याकडं कॉम्प्युटर आहे. त्याच्याकडून तिनं माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहून घेतले. दिल्लीला, मुंबईला, जिथं जिथं जुन्या आरमाराची दप्तरं असतील तिथं. सातवी शिकलेली बाई, इंग्रजीत सही करायची तेवढी येते. उत्तर आलं की टोपली डोक्यावर घेऊन ती आधी जितेशकडं जायची, मग बाजारात. नऊ वर्षं उत्तर एकच यायचं. आल्बर्ट, राहणार पाचूबंदर, नोंद नाही.

सातव्या की आठव्या उत्तरानंतर एक दुपार अशी आली, की तिला बापाचाच संशय आला. खरंच नसेल का तो तिथं? सगळी बंडाची गोष्ट त्यानं कुणाकडून ऐकून आपल्याला सांगितली असेल का? त्या दुपारी ती बाजारात गिऱ्हाइकांवर इतकी खेकसली, की शेजारणीनं तिची टोपली झाकून तिला घरी धाडलं. घरी येऊन ती बापाच्या फोटोसमोर बसून रडली, आणि संशय घेतला म्हणून स्वतःच्या गालावर दोन मारून घेतल्या.

गाठ सुटली ती भलत्याच कामात. नातीच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, म्हणून मॅग्डलीन चर्चच्या ऑफिसात गेली. तिथली जेसिका जुनी रजिस्टरं स्कॅन करत होती, टेबलावर पिवळ्या पानांचा ढीग पडला होता. जेसिका गमतीनं म्हणाली, "मावशी, तुमच्या घरचं पान आज सकाळीच केलं. तुमच्या बाबांच्या आधी एक मुलगा होता, माहितीये?"

"साल्वादोर. चार वर्षांचा व्हता तवा देवीनं गेला. बाबा तर त्याच वर्षी जन्मला."

"हो, मृत्यूची नोंद आहे, अठ्ठावीस सालची. पण समासात अजून एक टीप आहे बघा. त्रेचाळीस साली याचा दाखला दिलाय."

मॅग्डलीननं पान ओढून घेतलं. इंग्रजी अक्षरं तिला लागत नव्हती, आकडे लागत होते. "अगो," ती म्हणाली, "पंधरा वर्षांमागं मेलेल्या पोराला दाखला कशाला लागतो?"

जेसिकानं टिपेवरची तारीख पुन्हा पाहिली. मॅग्डलीननं उभ्या उभ्या बोटांवर वर्षं मोजली. त्या काळी जन्माचा पुरावा म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला, दुसरा कागद कोणाच्या घरात होता? आरमाराला सतरा पूर्ण झालेला पोरगा हवा होता आणि आल्बर्टला पंधरा झालेली. तिच्या आजोबानं मेलेल्या थोरल्याचा दाखला काढला आणि धाकट्याला त्या नावावर भरती केला. म्हणजे बाप होता, पण कागदावर नव्हता. तीन वर्षं जहाजावर त्याला सगळे साल्वादोर म्हणत होते, पीटरसुद्धा. पीटर खुरसासमोर बोलला त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं नीच होतं.

"सही कोनाची हाय टिपेखाली?" तिनं विचारलं.

जेसिकानं भिंग लावून वाचलं. सही पीटरच्या वडिलांची होती. त्या काळी चर्चचं दप्तर तेच लिहीत. आता आल्बर्ट गप्प का बसला तेही तिला कळलं. बोलला असता तर स्वतःच्या बापाची लबाडी उघडी पडली असती, सरकारला फसवलं म्हणून वर खटलाही आला असता. पीटरनं सही केली असती, तर साल्वादोर कोण हे निघालं असतं आणि खोटा दाखला त्याच्या बापानं दिला हेही. म्हणून पीटर मात्र बोलला, आणि आपल्या बापाची अब्रू वाचवायला त्यानं मित्राची विकली.

नवा अर्ज साल्वादोरच्या नावानं गेला. तीन महिन्यांनी जाड पाकीट आलं. जितेशनं मराठी करून वाचून दाखवलं. साल्वादोर, इंजिनखान्यातला खलाशी, बंडात सामील, उपोषणात पुढाकार, मुलुंडच्या छावणीत कैद, शिस्तभंगासाठी बडतर्फ. शेवटच्या पानावर छावणीतल्या पोरांनी निकृष्ट जेवणाविरुद्ध दिलेला अर्ज होता, सह्यांसकट. तिसरी सही साल्वादोरची. तिच्या खाली, तिला चिकटून, चौथी सही पीटरची.

मॅग्डलीन रडली नाही. तिनं समोरच्या गाडीवर दोन वडापाव खाल्ले, तिसरा बांधून घेतला, आणि त्या पानांच्या चाळीस झेरॉक्स काढल्या. गल्लीत घरंच चाळीस. खुरसाचा सण आठ दिवसांवर आला होता. सगळी गल्ली जमली, की ग्रॅनाइटच्या दगडासमोर उभं राहून वाचायचं आणि घरटी एक कागद वाटायचा, असा बेत ठरला.

सणाला पाच दिवस असताना समोरच्या घरातून रडण्याचा आवाज आला. पीटरची बायको, चौऱ्याण्णव वर्षांची क्रिस्टिनामावशी, दुपारच्या झोपेतच गेली. तिनं मॅग्डलीनचं कधी वाकडं केलं नव्हतं, आणि चांगलंही केलं नव्हतं. म्हातारीसाठी मॅग्डलीनला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. सेहेचाळीस वर्षं वाट पाहिलेली पेटी समोरच्या दारातून निघणार होती. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली, देवाची माफी मागितली, आणि झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी चारला पेटी बंद झाली. पांढरे शर्ट घातलेले पुरुष दारासमोर जमले. रॉबर्ट, त्याची मुलगी ज्युली, जावई फ्रान्सिस पेटीपाशी होते. ज्युली गिरीजला शाळेत शिकवते, भली बाई आहे. मॅग्डलीन आपल्या ओट्यावरून उतरली आणि गल्ली ओलांडून सरळ रॉबर्टच्या पायरीवर चढली. त्रेपन्न वर्षांत त्या पायरीला तिचा पाय लागला नव्हता, त्यामुळं बायकांचं रडणंसुद्धा थांबलं.

"रॉबट," ती म्हणाली, "एक सांग नि खुशाल पेटी ने. जहाजावर साल्वादोर नावाचा कोन व्हता?"

रॉबर्टचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणजे ठाऊक होतं त्याला. मॅग्डलीन एवढ्यासाठीच त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

"आता नको, मॅग्डलीन. आयला जाऊ दे."

"माझ्या बाबाला कोनी जाऊ दिला?"

तिनं पिशवीतून कागद काढून ज्युलीच्या हातात ठेवला. ज्युलीनं आधी मनात वाचला, मग बापाकडं पाहिलं. "पप्पा, हे काय आहे? साल्वादोर कोण?"

रॉबर्टनं पेटीच्या कडेला हात टेकला. सत्तरीचा माणूस, दमला होता, आणि समोर आईची पेटी होती. खोटं बोलायला वेगळा दिवस लागतो. "आल्बर्टकाका," तो म्हणाला. "साल्वादोर म्हंजे आल्बर्टकाका. माझ्या आजोबानं मेलेल्या पोराचा दाखला दिला व्हता. बाबा मरताना बोलले मला. म्हनले, हे बाहेर आलं तर देवळात तोंड दाखवायला जागा नाय उरनार."

"एक्याण्णव साली बोलले?"

"व्हय."

"आनि दगड कवा लावला तू?"

रॉबर्टनं मान खाली घातली. "दोन हजारात."

"म्हंजे समदं ठाऊक असून लावला," मॅग्डलीन म्हणाली, आणि बाकीचे कागद पुढच्या माणसांच्या हातात दिले. "वाचा. घरटी एक हाय."

कागद हातोहात फिरले. कोणी मोठ्यानं वाचलं, कोणी नुसत्या सह्यांवर बोट फिरवलं. मग पास्कोल मागं सरला. पंच्याहत्तरी ओलांडलेला पास्कोल, गल्लीतला सगळ्यांत जुना तांडेल, मासेमारीच्या होडीवर त्याचा शब्द शेवटचा असायचा. त्याच्या पाठोपाठ दुसरा सरला, तिसरा सरला. बघता बघता दारासमोर मोकळी जागा झाली. पेटीपाशी रॉबर्ट, मुलगी आणि जावई एवढेच उरले. ज्युलीनं धरला तरी चौथा खांदा नव्हता.

हेच. अगदी हेच तिनं मागितलं होतं. ती पायरीवर उभी राहून पोटभर पाहायला लागली, आणि तिचं पोट भरेना. ती रॉबर्टकडं पाहत नव्हती, मागं सरणाऱ्या पावलांकडं पाहत होती. ही पावलं तिच्या ओळखीची होती. याच पास्कोलनं सर्वांत आधी पाऊल मागं घेतलं होतं, तिच्या दारासमोर, तिच्या बापाची पेटी उचलायच्या वेळेला. पीटर खोटारडा होता, रॉबर्ट हरामखोर होता, पण पेटीपासून मागं सरली होती ती ही माणसं, आणि एवढी वर्षं ती त्यांनाच पाव किलो, अर्धा किलो सुकं वजनात वर टाकून देत आली होती.

"पास्कोल," तिनं हाक मारली. आवाज इतका शांत होता, की तो थबकला. "आज तुला कागद दिसला म्हनून मागं सरला. त्या दिवशी तुला कोनता कागद दाखवला व्हता?"

पास्कोल हातातल्या कागदाची घडी करायला लागला.

"एका मानसाच्या एका बोलन्यावर तुमी माझा बाप टाकला. एकानं तरी घरात येऊन विचारला? आल्बर्ट, खरं काय रे, असं एकानं तरी?" आता तिचा आवाज चढला. "आनि आज लगेच समद्यांना खरं-खोटं कळाया लागलं!"

पास्कोल शरमला. दोन पावलं पुढं येऊन त्यानं पेटीकडं हात केला. "बाय, चुकलं. मी घेतो खांदा."

"हात लावायचा नाय!" मॅग्डलीन इतक्या जोरात ओरडली, की आतल्या बायका दारात आल्या. "तू नाय नि तुमच्यातला एक बी नाय. हात मोकळे ठेवून मागनं चालायचं. समद्या पाचूबंदराला दिसू दे, म्हातारीच्या मयतीला या गल्लीत एक मरद नव्हता."

तिनं लुगड्याचा पदर कंबरेला खोचला, पिशवी ओट्यावर टाकली आणि रॉबर्टच्या शेजारी पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ज्युली आणि फ्रान्सिस मागं गेले. चौघांनी पेटी उचलली. म्हातारी हलकी होती, लाकूड जड होतं. सदुसष्टाव्या वर्षी खांद्याचं हाड लाकडाला सरळ लागतं, तिला ते लागलं, पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही.

गल्लीतून मिरवणूक निघाली. पुढं दोन म्हातारे हाडवैरी, मागं दोन तरुण माणसं, आणि त्यांच्या मागं तीस-चाळीस दांडगे पुरुष, कोणी हात खिशात घालतंय, कोणी पाठीमागं लपवतंय. बाजारातून परतणाऱ्या कोळणी टोपल्या उतरवून बघत राहिल्या. कोणी विचारलंही, खांदा द्यायला पुरुष का नाहीत? पुरुष माना खाली घालून चालत राहिले.

खुरसापाशी येईतो रॉबर्ट हुंदके द्यायला लागला. ग्रॅनाइटवरचं बापाचं नाव त्याच्या अगदी समोर आलं होतं. "मॅग्डलीन," तो पुटपुटला, "तू खांदा दिला. म्हंजे तू मला माफ..."

"नाय केला," ती समोर बघत म्हणाली. "सनाला हे समदं मी इथं उभी राहून वाचनार, आनि हा दगड उपटायला पहार तू धरायची. आता खांदा वर घे. पेटी तुझ्या बाजूला कलतेय."